झिम्री-लिमचं दप्तर

इ.स.पू. १७६१ च्या सुमारास बॅबिलोनच्या हम्मुराबीचे कारकून मारी शहरातल्या जिंकलेल्या राजवाड्यात बसून दुसऱ्याची पत्रं चाळत होते. काम शिस्तीत चाललं होतं. मातीच्या पाट्या टोपल्यांत भरायच्या, टोपलीला मातीचीच चिठ्ठी अडकवायची, आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली तारीख घालायची: हम्मुराबीच्या राजवटीचं ३२ वं वर्ष. अशा काही चिठ्ठ्या उत्खननात हाती लागल्या आहेत. बड्या राजांनी मारीला धाडलेले खास खलिते मात्र तिथे फारसे सापडत नाहीत. कामाचं होतं ते बॅबिलोनला गेलं, असं अभ्यासक मानतात. बाकीचं तिथेच पडून राहिलं. पुढे राजवाडा पेटवला गेला, भिंती आत कोसळल्या आणि जेत्याने टाकाऊ ठरवलेलं ते दप्तर ढिगाऱ्याखाली साडेतीन हजारांहून अधिक वर्षं शाबूत राहिलं.

दप्तर झिम्री-लिमचं. युफ्रेटिसच्या मधल्या पट्ट्यावर, आजच्या सीरियात, इराकच्या हद्दीजवळ त्याची राजधानी होती. त्याने तेरा-चौदा वर्षं राज्य केलं. तो अमोरी होता आणि हम्मुराबीही अमोरीच. सीरियाच्या माळरानावर मेंढरं राखणाऱ्या टोळ्यांतून पुढे आलेल्या या घराण्यांनी इ.स.पू. अठराव्या शतकापर्यंत हलबपासून (म्हणजे आजच्या अलेप्पोपासून) बॅबिलोनपर्यंतच्या गाद्या बळकावल्या होत्या. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यापैकी एकालाच जागा मिळते, ती हम्मुराबीला, त्याच्या कायद्याच्या शिळेमुळे. पण अमोरी राजा राज्य कसं करायचा हे पाहायचं असेल, तर त्या शिळेपेक्षा हरलेल्या झिम्री-लिमची पत्रं अधिक भरवशाची आहेत. शिळेवरचा मजकूर राजाने जगासाठी आणि देवांसाठी कोरवून घेतला होता. पत्रं लिहिणाऱ्यांना ती कोण्या तिऱ्हाइताच्या हाती पडतील याची कल्पनाही नव्हती.

हम्मुराबीचीही पत्रं आहेत. पुढे जिंकलेल्या लार्सा प्रांतातल्या आपल्या अधिकाऱ्यांना त्याने जमिनी, कालवे, मजूर यांबद्दल लिहिलेली बरीच पत्रं मिळाली आहेत आणि त्यांतून बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालणारा एक कारभारी दिसतो. पण त्याच्या राजधानीतलं दप्तर मिळालेलं नाही. बॅबिलोनचे त्या काळातले थर बहुतांशी भूजलाखाली आहेत. त्यामुळे प्राचीन जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कायदेकर्त्याचा दरबार, त्याचा चिडका स्वभाव, त्याची घासाघीस हे सारं आज कळतं ते मुख्यतः झिम्री-लिमच्या वकिलांनी बॅबिलोनहून धाडलेल्या बातमीपत्रांतून.

मारीचा शोध अपघातानेच लागला. १९३३ साली तेल हरीरी नावाच्या टेकाडावर थडग्यासाठी दगड शोधणाऱ्या लोकांना बिनडोक्याचा एक पुतळा मिळाला. सीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. बातमी पॅरिसपर्यंत गेली आणि त्याच वर्षाअखेरीस आंद्रे पारो यांनी खणायला सुरुवात केली. अडीच हेक्टर जागेत पसरलेला, तीनशेच्या आसपास खोल्यांचा राजवाडा उजेडात आला आणि त्याबरोबर वीस हजारांच्या घरात पाट्या व तुकडे. या वाड्याचा लौकिक त्या काळीही होता. उगारितच्या राजाला तो पाहायची इच्छा होती आणि त्यासाठी त्याने हलबच्या राजामार्फत शब्द टाकला होता. तशी शिफारस करणारं पत्र या दप्तरातच आहे.

झिम्री-लिमची सुरुवातच एका बनावाने झाली. मारीवर पूर्वी याहदुन-लिम राज्य करत होता. त्याचं घराणं बुडालं आणि उत्तर मेसोपोटेमिया मुठीत घेणाऱ्या शमशी-अदादने आपल्या धाकट्या मुलाला, यास्माह-अद्दूला, मारीच्या गादीवर बसवलं. बापलेकांची पत्रंही याच दप्तरात आहेत. तू अजून पोर आहेस का, तुझ्या हनुवटीवर केस नाहीत का, तिकडे तुझा भाऊ लढाया मारतोय आणि तू बायकांत लोळतोयस, अशा शब्दांत बाप मुलाची कानउघाडणी करतो. शमशी-अदाद मेला तसं ते साम्राज्य विस्कटलं आणि इ.स.पू. १७७५ च्या सुमारास झिम्री-लिम मारीत शिरला. त्याने स्वतःला याहदुन-लिमचा मुलगा म्हणवलं. पण त्याच्या एका मुद्रेवर बापाचं नाव हाद्नी-अद्दू असं आहे. म्हणजे घराणं तेच असलं तरी तो थेट वारस नव्हता. गादीवरचा हक्क पक्का दिसावा म्हणून त्याने बापच बदलून घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

हक्क कागदावर पक्का झाला तरी ताकद लागतेच. ती त्याला हलबच्या यारिम-लिमने पुरवली. यारिम-लिम यम्हादचा राजा, त्या काळातलं सगळ्यांत वजनदार प्रस्थ. त्याची मुलगी शिबतु झिम्री-लिमची पट्टराणी झाली. झिम्री-लिम सासऱ्याला पत्र लिहिताना स्वतःला मुलगा म्हणवतो आणि हम्मुराबीशी बोलताना भाऊ. हा नात्यागोत्याचा लाघवीपणा नव्हता. कोण कोणाचा बाप, कोण भाऊ, कोण मुलगा आणि कोण चाकर, यावरच त्या काळचं सारं राजकारण चालायचं.

त्याच्या एका सरदाराने, इतूर-अस्दूने, हे गणित एका पत्रात नेमकं मांडलं आहे. कोणताही राजा एकटा बलवान नसतो, असं तो म्हणतो आणि मग हिशेबच देतो: बॅबिलोनच्या हम्मुराबीमागे दहा-पंधरा राजे चालतात, लार्साच्या रिम-सिनमागे तितकेच, एश्नुन्नाच्या आणि कत्नाच्या राजांमागेही तितकेच, आणि यम्हादच्या यारिम-लिममागे वीस. या यादीत हम्मुराबी पाचातला एक आहे आणि आकड्याने यारिम-लिमच्या खाली आहे. हम्मुराबीचं मोठेपण जन्मजात आणि अटळ होतं असं समजणाऱ्याने हे पत्र जरूर वाचावं. ते लिहिलं गेलं तेव्हा हम्मुराबीला गादीवर येऊन वीसेक वर्षं झाली होती.

अमोरी राजाला दोन तऱ्हेच्या प्रजेला एकाच वेळी सांभाळावं लागे. झिम्री-लिमच्या बिरुदातच मारीबरोबर हाना लोकांचा देश येतो. हाना म्हणजे माळावर फिरणारे मेंढपाळ. त्यांतल्या सिमाल टोळ्या त्याच्या स्वतःच्या आणि यामिन टोळ्या बहुतेक वेळा विरोधात. गादीवर आल्यावर लवकरच त्याला यामिन प्रमुखांशी लढावं लागलं. शहरात शतकानुशतकांच्या अक्कादी रीतीभाती, बाहेर तंबूतली माणसं, आणि राजा दोघांचाही. त्याचा कारभारी बाह्दी-लिम एका पत्रात त्याला जपून सल्ला देतो की महाराजांनी घोड्यावर बसू नये. आपण हानांचे राजे आहात, पण दुसऱ्या अंगाने अक्कादींचेही राजे आहात, तेव्हा मेण्यातून नाहीतर खेचरांच्या गाडीतून यावं आणि राजपदाचा आब राखावा. मालकाने काय वाहन वापरावं हे चाकर सांगतो आणि तेही लेखी. एवढं धाडस करणाऱ्या नोकराची मान शाबूत राहते, यावरून त्या दरबाराच्या वातावरणाचा अंदाज येतो.

तहाचंही तसंच. इबाल-इल नावाचा अधिकारी कळवतो की हाना आणि इदामरास प्रांतातले लोक यांच्यात तह करायचा होता, त्यासाठी कोणी कुत्र्याचं पिल्लू तर कोणी शेळी आणली. आपण ते चालू दिलं नाही, गाढवीचं शिंगरूच कापायला लावलं. कोणत्या जनावराच्या रक्ताने शपथ पक्की होते यावरून दोन पक्षांची ओढाताण होते आणि राजाचा माणूस मध्ये पडून तोडगा काढतो. राजाचा हुकूम निघाला आणि सगळे वाकले, असं चित्र या दप्तरात क्वचितच दिसतं. विचारणा, आर्जव, तक्रार, उलट सल्ला, पुन्हा आठवण हेच अधिक दिसतं. प्राचीन राजा म्हणजे एकहाती सत्ता ही समजूत शिलालेखांनी रुजवली. राज्य रोजच्या वाटाघाटींवर चालायचं, आणि ज्याला वाटाघाटी जमत नसत त्याचा यास्माह-अद्दू व्हायचा.

या पत्रांची खरी मौज तपशिलांत आहे. सग्गरातुमचा सुभेदार याक्कीम-अद्दू कळवतो की अक्काका गावात एका घराच्या माळवदावर सिंह अडकलाय. सिंह मारायचा मान राजाचा, त्यामुळे सुभेदाराची पंचाईत झाली. राजाच्या उत्तराची वाट पाहावी तर सिंह खंगेल, मारावा तर गुन्हा. शेवटी त्याने सिंहाला लाकडी पिंजऱ्यात घातलं आणि होडीतून राजाकडे रवाना केलं. याच सुभेदाराच्या दुसऱ्या पत्रात एक भविष्यवाला येतो, वेशीजवळ गावच्या वडीलधाऱ्यांसमोर कच्चं कोकरू खातो आणि मोठा घास घेणारं संकट येतंय असं सांगतो. अंगावर घालायला वस्त्र मिळाल्यावर तो निघून जातो. झिम्री-लिमला थंड पेयांचा शौक असावा. तेर्का इथे त्याने बर्फघर बांधलं आणि युफ्रेटिसकाठी आजवर कोणत्याच राजाने असं बांधलं नव्हतं, हे तिथल्या लेखात अभिमानाने नोंदवलं.

शिबतुला लिहिलेलं त्याचं एक पत्र तर वैद्यकाच्या इतिहासात उद्धृत केलं जातं. वाड्यातली नन्ना नावाची बाई आजारी आहे आणि तिच्याकडे पुष्कळ बायकांची ऊठबस आहे, असं त्याच्या कानी आलं. तो कडक सूचना देतो: तिच्या पेल्यातून कोणी पाणी पिऊ नये, ती बसते त्या आसनावर बसू नये, ती झोपते त्या बिछान्यावर झोपू नये, हा आजार पसरणारा आहे. रोगाचं मूळ देवाच्या कोपात शोधणाऱ्या काळात एक राजा, बहुधा राजधानीबाहेर असताना, विलगीकरणाचे नियम घालून देतोय. हे वाचून त्याच्याविषयी थोडा आदर वाटतोच.

मुलींच्या पत्रांपाशी आलं की हा आदर डळमळतो. वाटाघाटीचं राज्य चालवायला झिम्री-लिमजवळ जे भांडवल होतं त्यात मुली होत्या. मांडलिक राजांच्या घरी त्या दिल्या की तिथली निष्ठा टिकते आणि बातमीही मिळते. इलानसुराच्या हाया-सुमूला त्याने दोन मुली दिल्या, शिमातुम आणि किरूम. सवती झालेल्या बहिणींत जे व्हायचं तेच झालं. किरूमने बापाला लिहिलं की मला इथून नेलं नाहीत तर गच्चीवरून उडी टाकीन. अश्लक्काच्या इबाल-अद्दूला दिलेली इनिब-शर्री लिहिते की नवऱ्याने दुसरी बायको वर बसवली आहे आणि आपण वेड्या बाईसारख्या गाल हातात धरून कोपऱ्यात बसून आहोत. हा इबाल-अद्दू पुढे उलटला. म्हणजे राजकारणाच्या हिशेबानेही ते लग्न फुकट गेलं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात विवाहसंबंधांतून साधलेली मैत्री असं एक गुळगुळीत प्रकरण असतं. त्या मैत्रीची किंमत कोण मोजत होतं, हे मोजणारीच्याच शब्दांत, इतक्या जुन्या काळातून, फार क्वचित ऐकायला मिळतं.

मारीची श्रीमंती जकातीची होती. पूर्वेकडच्या एलाम राज्याच्या बाजूने येणारं कथील मारीतून पश्चिमेला जायचं आणि कथील नसेल तर कांसं नाही. झिम्री-लिम स्वतः कथील बरोबर घेऊन भूमध्य समुद्राकाठच्या उगारितपर्यंत गेला. त्या कथिलाच्या वाटपाच्या नोंदीत हाझोरचं नाव आहे आणि क्रीटहून आलेला एक माणूसही आहे. ज्याला बरेच जण सामान्य मांडलिक समजतात, त्याच्या हिशेबवहीत क्रीटपासून एलामपर्यंतचं जग मावत होतं.

याच वाटेवरचा एक मुक्काम म्हणजे हीत. तिथे जमिनीतून डांबर वर येतं आणि होड्यांच्या सांधेबंदीला ते हवंच. हीत कोणाचं यावर हम्मुराबी आणि झिम्री-लिम यांच्यात वर्षानुवर्षं वाद होता. मारीच्या वकिलाशी बोलताना हम्मुराबीने मुद्दा रोखठोक मांडला: तुमच्या देशाचं बळ गाढवांत आणि गाड्यांत आहे, माझ्या देशाचं होड्यांत, म्हणून मला ते गाव डांबरासाठी हवंय. दुसऱ्या एका प्रसंगी हम्मुराबीने यम्हादच्या शिष्टमंडळाला मानाची वस्त्रं दिली आणि मारीच्या काहींना वगळलं. मारीकर रुसले. त्यावर, ज्याला मला वस्त्र द्यायचंय त्याला देईन आणि नाही त्याला नाही देणार, असं त्याने ठणकावलं. कायदेकर्ता म्हणून शिळेवर देवासमोर उभा असलेला हम्मुराबी आणि कपड्यांवरून वकिलांशी हुज्जत घालणारा हम्मुराबी यांत दुसराच जास्त खरा वाटतो.

झिम्री-लिम कसा हरला हे समजायला इ.स.पू. १७६५ च्या आसपासचा एलामचा पेच पाहायला हवा. एलामच्या राजाने आधी एश्नुन्ना घेतलं. मग त्याने हम्मुराबीला लिहिलं की लार्सावर चालून जायचंय, सैन्य पाठव, आणि लार्साच्या रिम-सिनला लिहिलं की बॅबिलोनवर जायचंय, सैन्य पाठव. दोघांनी एकमेकांची पत्रं ताडून पाहिली आणि डाव उघडा पडला. या संकटात झिम्री-लिमने हम्मुराबीला फौजा दिल्या. सूर्यदेव शमाशच्या नावाने शपथ तयार झाली: एलामशी वैर करायचं आणि झिम्री-लिमला सोडून वेगळा तह करायचा नाही. त्या शपथेचा हम्मुराबीसाठीचा मसुदा मारीच्या दप्तरात सापडला आहे. एलाम मागे हटला. रिम-सिनने ऐन वेळी मदत केली नव्हती, म्हणून हम्मुराबी लार्सावर गेला. काही महिन्यांच्या वेढ्यानंतर लार्सा पडलं आणि त्या वेढ्यात मारीचे शिपाईही होते.

इथे झिम्री-लिमला मूर्ख ठरवायचा मोह होतो. मित्राने एकेक शेजारी गिळत जावा आणि आपण त्याला हातभार लावावा, हे आत्मघातकी दिसतं. पण प्रत्येक पायरीवर दुसरा पर्याय काय होता? एलामशी हातमिळवणी केली असती तर मारी एलामचं ठाणं झालं असतं. तटस्थ राहायचं तर रिम-सिनचं काय झालं हे समोर होतं. दहा-पंधरा राजांच्या साखळ्यांवर तोललेल्या त्या व्यवस्थेत कोणी फार वाढला की बाकीचे त्याला धरत. झिम्री-लिमची सगळी हुशारी या तोलावर उभी होती. एलाम, एश्नुन्ना, लार्सा ही पारडी एकापाठोपाठ हलकी झाली आणि मग हम्मुराबीला मारीची गरज उरली नाही. हम्मुराबीने नवं काही शोधून काढलं असेल तर ते एवढंच, की ज्या शपथांवर सगळे चालत होते त्यांना सोयीपुरतंच मानायचं. त्यात नशिबाचा वाटाही कमी नव्हता. एलामची लाट बॅबिलोनवरून गेली असती, तर आज शाळेत हम्मुराबीचं नाव कोणी शिकवलं नसतं.

मारी पडलं ते हम्मुराबीच्या ३२ व्या वर्षी. दोनेक वर्षांनी त्याने शहराची तटबंदी पाडली आणि ३५ व्या वर्षाला त्या घटनेवरूनच नाव दिलं. झिम्री-लिमचं पुढे काय झालं याची कुठेही नोंद नाही. मारला गेला, पळाला की कैद झाला, जेत्याला ते सांगावंसंही वाटलं नाही. १९०१-०२ मध्ये इराणातल्या सुसा इथे मिळालेल्या त्या प्रसिद्ध शिळेच्या प्रस्तावनेत मात्र मारीचा उल्लेख आहे. मेरा आणि तुत्तुल इथल्या लोकांवर दया करणारा, असं एक बिरुद हम्मुराबीने स्वतःला लावून घेतलं आहे. मेरा म्हणजे मारी. वाडा जाळला, कोट पाडला, टोपल्या उपसल्या आणि यादीत दयेच्या रकान्यात नोंद केली. शिळेवरच्या न्यायाबद्दल भारावून लिहिणाऱ्यांनी हा एक शब्द आधी पचवायला हवा.

या दप्तराचाही आंधळा भरवसा धरता येत नाही. बॅबिलोनच्या कारकुनांनी ते आधीच निवडून ठेवलंय. अत्यंत गुप्त ते गेलंय, आणि जे उरलंय त्यातही तक्रारी जास्त, कारण सुरळीत चाललेल्या कामाबद्दल कोणी पत्र लिहीत नाही. किरूमची धमकी आहे, शिमातुमच्या घरातले शांत दिवस नाहीत. तरीही, राजाने स्वतः निवडलेला मजकूर आणि शत्रूने नकळत मागे ठेवलेला मजकूर यांत इतिहासकाराने दुसऱ्यावर जास्त विसंबावं, हे मारीपुरतं तरी सिद्ध झालंय. बेल्जियन आणि फ्रेंच संशोधकांनी, आधी जॉर्ज दोसाँ आणि पुढे झाँ-मारी द्युराँ व दोमिनिक शार्पाँ यांनी, हे काम पिढ्यानपिढ्या चालवलं. २०११ नंतरच्या यादवीत तेल हरीरीवर चोरांनी खड्डे पाडून मोठी नासधूस केली. छापून झालेल्या पाट्यांचं महत्त्व त्यामुळे आणखी वाढलंय.

राहिला प्रश्न यशापयशाचा. हम्मुराबी इ.स.पू. १७५० मध्ये वारला. दहा वर्षं होतात न होतात तोच दक्षिणेत रिम-सिन याच नावाच्या दुसऱ्या राजाने बंड उभारलं आणि हम्मुराबीचा मुलगा सम्सू-इलूना हाती असलेला मुलूख सावरत राहिला. मारी पुन्हा उभं राहिलं नाही, पण नदीच्या वरच्या अंगाला तेर्का इथे हाना देशाचं राज्य तयार झालं. तिथल्या राजांची नावं अमोरीच होती: इसी-सुमू-अबू, यादिह-अबू. या यादिह-अबूशी सम्सू-इलूनाला पुन्हा लढावं लागलं आणि विजयाची नोंद आपल्या २८ व्या वर्षाच्या नावात करावी लागली. बापाने मोडून काढलेला तो पट्टा चाळीसेक वर्षांत मुलाच्या विरोधात पुन्हा हत्यार धरून उभा होता.